झोपेचं घड्याळ बदलता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मी चौदा वर्षं पाळीत काम केलं. पहिली, दुसरी, तिसरी. दर सोमवारी बदल. त्या वर्षांत झोपेने मला इतकं छळलं की या विषयावर हाती लागेल ते वाचत गेलो आणि झोपेच्या डॉक्टरांना शंका विचारत गेलो. आता नात्यातले, कामावरचे, गावाकडचे लोक मला विचारतात. सगळ्यांच्या प्रश्नांचा गाभा एकच असतो: मला हव्या त्या वेळी झोप यायला काय करू? मी डॉक्टर नाही. पण जे पक्कं कळलं आहे आणि जे स्वतःवर करून पाहिलं आहे, ते इथे लिहितो.

शरीरात घड्याळ असतं हे खरं, की नुसती बोलण्याची पद्धत?

अगदी खरं. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. दोन्ही मिळून साधारण वीस हजार पेशी. शरीराचं तापमान कधी चढायचं, कधी उतरायचं, झोपेचा सांगावा देणारं मेलाटोनिन रक्तात कधी सोडायचं, हे तिथून ठरतं.

याची पहिली चाहूल लागली ती लाजाळूच्या जातीच्या एका झाडामुळे. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. इथे तर झाकलेल्यालाही तांबडं कधी फुटलं हे आतून कळत होतं. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीत या घड्याळाचं पहिलं जनुक दाखवलं. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असतो. म्हणजे ते रोज थोडं मागे पडतं आणि सकाळचा उजेड ते पुन्हा जागेवर आणतो. ही अकरा मिनिटं लक्षात ठेवा, पुढे पुष्कळ गोष्टींचा उलगडा त्यांनीच होतो.

दिवस २४ ऐवजी २८ तासांचा करता येईल का? जास्त काम होईल.

हे करून बघितलेलं आहे. १९३८ मध्ये झोपेचे अमेरिकन संशोधक क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी रिचर्डसन अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ऊन नाही आणि तापमान कायम सारखंच. दोघांनी २८ तासांचा दिवस पाळला. वयाने वीसेक वर्षांनी लहान असलेल्या रिचर्डसनला तो बऱ्यापैकी जमला. क्लाइटमन यांचं शरीर मात्र शेवटपर्यंत २४ तासांवर अडून बसलं.

१९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूशास्त्रज्ञ घड्याळाविना दोन महिने आल्प्समधल्या एका गुहेत राहिला. मुदत संपल्याचं त्याला सांगितलं तेव्हा तारीख १४ सप्टेंबर होती. त्याच्या हिशेबाने अजून २० ऑगस्टच चालू होता. मनाचा हिशेब पंचवीस दिवसांनी चुकला, पण झोपण्या-उठण्याचा फेरा तेव्हाही साडेचोवीस तासांच्या आसपासच होता. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात चंद्रशेखरन यांनी वटवाघळांच्या गुहेत आणि पुढे माणसांना एकांतात ठेवून याच घड्याळाचा अभ्यास केला.

उलट्या बाजूचा, म्हणजे छोट्या दिवसाचा अनुभव अमेरिकन नौदलाचा. त्यांच्या पाणबुड्यांवर कित्येक वर्षं १८ तासांचा दिवस होता: सहा तास पहारा, बारा तास मोकळे. खलाशांची घड्याळं त्या चक्राला कधी जुळलीच नाहीत, आणि गेल्या दशकात नौदल २४ तासांवर परतलं. घड्याळाचे काटे मागे-पुढे करता येतात, फेऱ्याची लांबी बदलत नाही. पाऊण तासाचा फरक मात्र चांगल्या उजेडात पेलतो. मंगळावरचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. यान उतरल्यावर त्या दिवसाप्रमाणे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्याच्याशी जुळवून घेता आलं, दमणूक झाली तरी.

दर चार तासांनी वीस मिनिटं झोपायचं, असे सहा तुकडे. दोन तासांत भागतं म्हणतात. करू का?

करू नका. ती झोपेची उपासमार आहे. पहिल्या आठवड्यात शरीराला जुळल्यासारखं वाटतं, कारण दमलेला माणूस डोळे मिटताच गाढ झोपेत जातो. पण स्वतःची गुंगी स्वतःला कळेनाशी होणं हे अपुऱ्या झोपेचंच लक्षण आहे. शिडाच्या होडीतून एकट्याने समुद्र ओलांडणारे लोक तुकड्यांत झोपतात, कारण त्यांना दुसरा इलाज नसतो; किनाऱ्याला लागले की तेही रात्रभर झोपतात.

रात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. मी आळशी आहे का?

तुम्ही आळशी नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, कारण बहुतेकांनी लहानपणापासून त्याच्या उलट ऐकलेलं असतं. 'लवकर निजे, लवकर उठे' हे ज्याच्या शरीराला सोपं जातं, तो ते गुणाच्या भावनेने सांगतो. पण कोण सकाळचा आणि कोण रात्रीचा, यात जनुकांचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये अमेरिकेत एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या माणसांना संध्याकाळी साडेसातलाच झोप अनावर व्हायची आणि पहाटे चारला जाग यायची. कारण सापडलं घड्याळाच्या एकाच जनुकातल्या बदलात. उशिरा झोपणाऱ्यांच्या काही कुटुंबांतही असा बदल २०१७ मध्ये दाखवला गेला.

खूण सोपी आहे. सुट्टीत, कुणी न उठवता, दोन ते दहा झोपलात आणि ताजेतवाने उठलात, तर तुमची झोप उत्तम आहे. तिची वेळ तेवढी जगापेक्षा उशिराची आहे. ती वेळ काही प्रमाणात सरकते. दोनची बारा करता येते. दोनची नऊ करायचा हट्ट मी कुणालाच सुचवणार नाही.

मग ती सरकवायची कशी? नेमकं सांगा.

मुख्य हत्यार उजेड. बाकी सगळं त्याच्या मागे. आपल्या डोळ्यांत बघण्याशी फारसा संबंध नसलेल्या, फक्त उजेड मोजणाऱ्या काही पेशी असतात. त्या निळसर उजेडाला जास्त दाद देतात आणि थेट मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांचा शोध अगदी अलीकडचा, २००२ च्या आसपासचा.

आता मेख. तोच उजेड वेळेप्रमाणे उलटसुलट काम करतो. आपण स्वाभाविकपणे ज्या वेळी उठतो, त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या क्षणाच्या आधीचा उजेड घड्याळ उशिराकडे ढकलतो आणि नंतरचा लवकरकडे ओढतो. म्हणून सुट्टीत दहाला उठणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाचचा गजर लावून गच्चीत जाऊन दिवे लावले, तर घड्याळ आणखी उशिरा जाण्याचा संभव असतो. लोक इथेच फसतात, चार दिवसांत हरतात आणि पुन्हा स्वतःला बोल लावतात.

करायचं ते असं. आज ज्या वेळी आपोआप जाग येते, तिथून सुरुवात करा. उठल्या उठल्या अर्धा-पाऊण तास घराबाहेर. खिडकीतून बघणं पुरत नाही. उजेड लक्स या मापात मोजतात. ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर ते तीनशे लक्स उजेड असतो. आषाढातल्या ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स असतो, आणि कडक उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. दर दोन-तीन दिवसांनी गजर पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. संध्याकाळी आठनंतर घरातले पांढरे दिवे बंद करून एखादा मंद पिवळा दिवा ठेवा. मोबाइलचा प्रकाश कमी करणं चांगलंच, पण माझ्या मते मोबाइलमधल्या गोष्टी त्याच्या उजेडापेक्षा जास्त जागवतात.

जेवण लवकर करा. झोपेची वेळ मुद्दाम ठरवू नका, उठण्याची ठरवा. झोप आपोआप मागून येते. आणि रविवारी दोन-तीन तास जास्त झोपलात, तर आठवड्याची कमाई त्या एका सकाळी जाते. एक तास चालेल.

बारावीचा मुलगा रात्री एकपर्यंत जागतो, सकाळी उठतच नाही. काय करावं?

पौगंडावस्थेत घड्याळ उशिराकडे सरकतं आणि साधारण विशीच्या सुमाराला ते सर्वांत उशिराचं असतं. मग हळूहळू परत फिरतं. हे सगळ्या जगातल्या मुलांत दिसतं. मोबाइलने भर पडते, पण मूळ तिथे नाही. पहाटे चारला उठवून पाणी मारून अभ्यासाला बसवलेलं मूल पुस्तकासमोर बसतं, पण वाचलेलं पक्कं व्हायला जी झोप लागते तीच आपण कापलेली असते. त्याला रात्री अकरापर्यंत वाचू द्या, सकाळी सव्वासहा-साडेसहाला उठवून उन्हात चहा-दूध घ्यायला लावा. माझ्या मुलाच्या वेळी हे मला उशिरा समजलं. त्या वर्षी त्याला जे बोललो, त्याची अजून रुखरुख आहे.

तिसरी पाळी. शरीराला तिची सवय होते का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या सगळ्यांत जवळचा.

आठवड्याला पाळी बदलत असेल, तर नाही होत. घड्याळ दिवसाला फार तर तासभर सरकतं. रातपाळीसाठी आठ-नऊ तास सरकायला हवं. ते निम्म्यावर येईतो आठवडा संपतो. शिवाय सकाळी घरी जाताना ऊन डोळ्यांत जातं आणि रात्रभर जे थोडं सरकलं ते मागे ओढतं. 'सवय झाली' असं म्हणणारा माणूस बहुधा दमणुकीला सरावलेला असतो. मीही तसं म्हणायचो. मग एका तिसऱ्या पाळीनंतर सकाळी सव्वासातला नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवताना डोळा लागला आणि गाडी कडेच्या मातीत गेली. गळ्याजवळच्या हाडावर निभावलं. त्या दिवसापासून तिसरीला मी कधी दुचाकी नेली नाही, आणि तुम्हीही नेऊ नका. कंपनीची बस, शेअर रिक्षा, कुणाच्या तरी मागे बसणं, काहीही. पेंग येत असेल तर अर्धा तास विश्रांतीच्या खोलीत पडा आणि मग निघा.

काय केल्याने निभावतं ते सांगतो. रात्री कामावर जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड-दोन तास झोप घ्या. पूर्ण जाग्या दिवसावर रात्र चढवू नका. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात भरपूर उजेडात काम करा. चहा रात्री दोनपर्यंतच. चहा-कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनंतरही रक्तात असतं, त्यामुळे पाचच्या चहाने सकाळची झोप पातळ होते. बसने जात असाल तर काळा गॉगल लावा. घरी हलकं खाऊन लगेच झोपा.

आमच्या घरी खिडकीला जाड काळं कापड होतं, बेलची वायर काढून ठेवलेली असायची, आणि बायकोने दाराला पाटी लावली होती: 'रातपाळी आहे, दोननंतर या.' कुकरच्या शिट्ट्या तिने दुपारवर ढकलल्या. पाळीत काम करणाऱ्याची झोप सबंध घर सांभाळत असतं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे.

कायम रातपाळीच असेल, तर गोष्ट वेगळी. मग मधला मार्ग निघतो: कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेतीन झोप, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे तीन ते दुपारी बारा. सुट्टीत पूर्ण दिवसाच्या माणसासारखं वागलात, तर दर आठवड्याला पहिल्यापासून सुरुवात.

पाळ्यांचा क्रम बदलल्याने फरक पडतो का?

पडतो. ती अकरा मिनिटं आठवा. घड्याळाला उशिराकडे जाणं सोपं, लवकरकडे येणं अवघड. म्हणून पहिली, मग दुसरी, मग तिसरी हा क्रम शरीराला जमतो. आमच्याकडे कित्येक वर्षं उलटा होता: तिसरीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली. अमेरिकेतल्या यूटा राज्यात खनिजांच्या एका कारखान्यात हा क्रम सुलटा केला आणि पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलली, तेव्हा कामगारांची तब्येत आणि समाधान दोन्ही सुधारलं, उत्पादनही वाढलं. तो अभ्यास १९८२ मध्ये छापून आला. युनियनच्या बैठकीत मांडायला हा मुद्दा उत्तम आहे, कारण कंपनीला यात पैसा घालावा लागत नाही.

आरोग्याची बाजू गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रातपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. वर्षातून एकदा साखर, रक्तदाब तपासत राहा.

शेताला लाईट रात्रीची असते. आम्ही काय करायचं?

पाळीच्या कामगाराबद्दल निदान बोललं जातं. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारं मोडायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्या शेतकऱ्याची झोप कुणी मोजत नाही. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची, ही फिरती पाळीच आहे, आणि त्यात साप, विंचू, जुन्नरसारख्या भागात उसातला बिबट्या. शिवाय सकाळी गुरं, धारा आणि दिवसभराचं काम टळत नाही.

रात्रीच्या आठवड्यात घड्याळ सरकवायच्या भानगडीत पडू नका. संध्याकाळी जेवून लाईट येईपर्यंत झोपा, पाणी देऊन आलात की उरलेली झोप, आणि दुपारी जेवणानंतर दीड तास. तुकडे मिळून सात तास भरले पाहिजेत. धार काढायचं काम त्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्याकडे द्या. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. ती गावात आणण्यासाठी ग्रामसभेत बोलताना झोपेचं कारणही सांगा. पिकाइतकाच तोही हक्क आहे.

ब्रह्ममुहूर्तावर उठायलाच हवं का?

ज्याला जमतं त्याने जरूर उठावं. पण तो म्हणजे पहाटे चार, हे बरोबर नाही. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, म्हणजे ब्रह्ममुहूर्त साडेचारच्या आत-बाहेर लागतो. जानेवारीत सूर्योदय सातनंतर, म्हणजे तो साडेपाचच्या सुमाराला. जुना हिशेब सूर्याबरोबर चालायचा, गजराबरोबर नाही. आपला पश्चिम भाग तर घड्याळाच्या मानाने मुळातच उशिराचा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची आणि मुंबईचा सूर्य तिच्या ३९ मिनिटं मागे. त्या हिशेबाची 'बॉम्बे टाइम' मुंबईत १९५५ पर्यंत पाळली जात होती.

वामकुक्षी घ्यावी का?

वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत. दुपारची पेंग जेवणामुळेच येते असं नाही. घड्याळात तिथे एक उतारच आहे. रात्री झोप न येणाऱ्याने मात्र काही आठवडे ती सोडून बघावी.

मेलाटोनिनच्या गोळ्यांबद्दल काय?

ती झोपेची गोळी नव्हे. 'रात्र झाली' असा निरोप देणारी गोळी आहे. वेळ लवकर आणायची असेल, तर झोपेच्या काही तास आधी घेतलेला अगदी कमी डोस, अर्धा मिलिग्रॅमही, पुरतो. जास्त डोस म्हणजे जास्त परिणाम असं नसतं. पूर्ण अंधत्व असलेल्या लोकांना तिचा मोठा आधार आहे, कारण उजेड पोहोचत नसल्याने त्यांच्यापैकी पुष्कळांचं घड्याळ रोज थोडं थोडं घसरत जातं. इतर औषधं चालू असतील, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचंय. तिकडची झोप कशी बसवू?

उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. तिकडे गेल्यावर पहिले तीन-चार दिवस दुपारी तीन ते सहा उन्हात फिरा आणि संध्याकाळी पडदे ओढून घरात मंद दिवे ठेवा. दर दिवशी फिरण्याची वेळ तासाभराने पुढे न्या. पहाटे जाग आली तर बाळाजवळ तुम्ही बसा, लेकीला झोपू द्या. मुंबईला परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस सकाळचं कडक ऊन टाळा आणि दुपारी दोन-अडीचनंतर बाहेर पडा. सकाळचं ऊन नेहमीच चांगलं असं ऐकलेलं असतं, पण तेव्हा तुमच्या शरीराची सकाळ दुपारी असते.

डॉक्टरकडे कधी जावं?

मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, दिवसा गाडीवर डोळे मिटणं, महिनाभर नीट प्रयत्न करूनही झोप न सरकणं. तसंच मन उदास असेल, किंवा कमी झोपूनही अंगात विलक्षण उत्साह संचारत असेल, तर उजेडाचे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

तुम्ही स्वतः आता किती वाजता झोपता?

पावणेबाराला. जनरल शिफ्टला येऊन सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष पहाटे पाचचा गजर लावून काढलं, टेकडी गाठायची म्हणून. दर रविवारी अकरापर्यंत झोपायचो आणि सोमवारी डोकं धरून बसायचो. मग तो गजर काढून टाकला. आता पावणेसातला जाग येते, चहा घेऊन अर्धा तास गॅलरीत नाही तर खाली रस्त्यावर असतो. टेकडीवर संध्याकाळी जातो.